'अशा' म्हणजे तिकडे

स्पॅनिशमध्ये मी पहिली मोठी माती खाल्ली ती एका शुक्रवारी, ब्युनोस आयर्सच्या टीमबरोबरच्या कॉलवर. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे सकाळचे अकरा. रोजचा स्टँडअप. पेमेंट मॉड्यूलचं एक तिकीट पडून होतं, ते मी घेतो एवढंच मला सांगायचं होतं. 'घेणे' म्हणजे 'कोहेर', हे क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच पाठ झालं होतं. बस 'कोहेर' करा, टॅक्सी 'कोहेर' करा, फोन 'कोहेर' करा, स्पेनमध्ये दिवसातून पन्नास वेळा वापरतात. मी आत्मविश्वासाने म्हणालो की हे तिकीट मी आज 'कोहेर' करणार आहे. दोन सेकंद शांतता, आणि मग स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम हशा.

अर्जेंटिनात (आणि मेक्सिकोतही) या क्रियापदाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तिकिटाबरोबर तर मुळीच नाही :)

हशा ओसरल्यावर टीममधली एक बाई, वयाने मोठी, टेस्टिंग बघते, समजावून म्हणाली, 'एसो एस दे अशा.' मला 'अशा' कळेना. अशा म्हणजे कशा? मग तिने चॅटमध्ये लिहून दाखवलं तेव्हा ट्यूब पेटली. हा शब्द मी 'अय्या' असा शिकलो होतो. अर्थ 'तिकडे'. म्हणजे तिचं म्हणणं होतं, 'ते तिकडचं आहे.' स्पेनकडचं. बास. चूक आहे असं नाही, अशुद्ध आहे असं नाही. तिकडचं आहे.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मला वाटलं, कारण मी पुण्यात नवीन आलो तेव्हा माझ्या स्वतःच्या मातृभाषेबद्दल मला हे वाक्य कोणी म्हणालं नव्हतं.

मी मूळचा जामचा. जाम म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं समुद्रपूर तालुक्यातलं गाव, नागपूर-हैदराबाद हायवेवर. नागपूरहून दक्षिणेला साधारण सत्तर किलोमीटर. इथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो, म्हणून जाम म्हटलं की लोकांना गाव आठवत नाही, जाम चौरस्ता आठवतो. ट्रॅव्हल्सवाले चहाला थांबतात तो. इंजिनिअरिंग होईपर्यंत मी विदर्भाबाहेर पडलो नव्हतो. पुण्यात पहिल्याच आठवड्यात फ्लॅटवर फोन आला, काय चाललंय विचारलं, मी म्हणालो, 'काही नाही, जेवून राहिलो.' शेजारच्या कॉटवरचा मुलगा हसता हसता लोळला. 'जेवून कुठे राहिला?' पुढे वर्षभर हा विनोद चालला. ऑफिसातल्या एका सीनिअरने तर प्रेमाने सल्ला दिला की आधी मराठी नीट शिकून घे. दुसऱ्या एकाने 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे संवाद ऐकवले, तुझ्याच भाषेत आहे म्हणून. (त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड हो, आणि बोली मराठवाड्याची! पण मुळा-मुठेच्या पलीकडचं सगळं एकच, असं काही लोकांना प्रामाणिकपणे वाटतं.)

मी शिकलो. सहा महिन्यांत 'जेवतोय' म्हणायला लागलो. 'मले-तुले' तर कॉलेजातच सुटलं होतं. 'काऊन' गेलं, 'कायले' गेलं. मी हे कोणावर राग म्हणून लिहीत नाहीये, त्या वेळी मलाही तेच बरोबर वाटत होतं. शुद्ध मराठी म्हणून एक गोष्ट आहे, ती पुण्यात मिळते, आणि आपण गावंढळ.

मग स्पॅनिश आलं. प्रोजेक्ट माद्रिदच्या क्लायंटचा होता, कंपनीने सांगितलं भाषा येत असेल तर बरं. शनिवार-रविवार क्लास लावला. आमच्या बाई स्पेनमध्ये शिकून आलेल्या, त्यामुळे त्यांचं सगळं तिकडचं. 'ग्राथियास' मधला 'थ', कॉम्प्युटरला 'ओर्देनादोर', मोबाइलला 'मोबिल', आणि 'तुम्ही सगळे'ला 'वोसोत्रोस'. दीड वर्षात बी-टू लेव्हलची परीक्षा पास झालो. आणि तेवढ्यात क्लायंटने काम ब्युनोस आयर्सला हलवलं. तिथे 'थ' नाही, सरळ 'ग्रासियास'. कॉम्प्युटर 'कोम्पुतादोरा', मोबाइल 'सेलुलार', 'वोसोत्रोस' कोणी बोलतच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'तू'ला 'तू' म्हणत नाहीत. (हो, स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तू. ही एक गोष्ट मराठी माणसाला फुकट मिळते.) तिथे 'वोस' म्हणतात आणि वर्तमानकाळाची क्रियापदं त्याप्रमाणे बदलतात. म्हणजे दीड वर्ष घासून जे तोंडात बसवलं होतं, त्यातला पाव भाग परत कोरा.

गंमत म्हणजे ज्या गोष्टींनी पुण्यात माझी गोची केली त्यांनीच इथे मदत केली. स्पॅनिशमध्ये 'मी जेवतो' वेगळं आणि 'मी आत्ता जेवत आहे' वेगळं. दुसऱ्यासाठी 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणायचं. एक सहायक क्रियापद आणि त्याला जोडून मुख्य क्रियापदाचं न बदलणारं रूप. क्लासमधली पुणेकर मुलं 'जेवतोय' मध्ये याचे तुकडे शोधत होती. मला शोधावं लागलं नाही. 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे 'जेवून राहिलो'. तुकड्याला तुकडा. 'करून राहिलो', 'येऊन राहिला', 'झोपून राहिली', सगळी रूपं तशीच्या तशी बसतात.

दुसरी गोष्ट 'ळ'ची. आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो. डोळे म्हणजे डोये, जवळ म्हणजे जवय, केळी म्हणजे केयी, पोळी म्हणजे पोयी. यावर विनोद झाले नाहीत असा वैदर्भी माणूस पुण्यात सापडणार नाही. आता स्पॅनिश बघा. रस्त्याला शब्द आहे तो लिहिताना दोन 'ल' काढतात. जुना उच्चार साधारण 'काल्ये'. पण स्पेनच्या बहुतेक भागात आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात त्या दोन 'ल'चा 'य' झालाय आणि लोक 'काये' म्हणतात. याला त्यांच्या व्याकरणात नाव आहे, 'येइस्मो'. ब्युनोस आयर्सवाले आणखी पुढे गेले, त्यांनी 'य'चा 'श' केला, म्हणून 'काशे'. म्हणून 'अय्या'चं 'अशा'. 'ळ' आणि तो स्पॅनिश 'ल्य' हे ध्वनी वेगळे आहेत, मान्य. पण 'ल'च्या घराण्यातला अवघड ध्वनी झिजून 'य'वर येणं, हे जामला झालं तसंच माद्रिदला झालं. माद्रिदचा राष्ट्रीय टीव्हीवर बातम्या देतो. जामचा मात्र मराठी मालिकेत विनोदी पात्र होतो. फरक ध्वनीत नाही तर मग कशात आहे, हा किडा डोक्यात शिरला आणि मी वीकएंडला जुनी पुस्तकं धुंडाळायला लागलो. आता मूळ गोष्टीकडे.

मराठीचं पहिलं छापील इंग्रजी व्याकरण 1805 साली निघालं. कुठे? पुण्यात नाही, मुंबईत नाही. बंगालमध्ये, कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला. लेखक विल्यम केरी. हा माणूस इंग्लंडात जोडे शिवायचा, मग धर्मोपदेशक झाला, 1793 मध्ये बंगालला आला आणि 1834 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. भाषा शिकण्याची त्याला अशी काही भूक होती की आपण डुओलिंगोच्या स्ट्रीकवाल्यांनी लाजावं. वेलस्लीने 1800 साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, कंपनीच्या कोवळ्या साहेबांना देशी भाषा शिकवायला. तिथे केरी आधी बंगाली आणि संस्कृत शिकवायचा, मग मराठीही त्याच्याकडे आली.

पण केरी महाराष्ट्रात कधीच आला नाही. मग मराठी शिकला कोणाकडून? कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ शर्मा. आणि हे वैजनाथ पंडित नागपूरकडचे!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फ्लॅटमध्ये दोन चकरा मारल्या. छापील मराठीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या व्याकरणामागे आमच्याकडचा माणूस.

नागपूरचा का, याचा विचार केला तर त्यात आश्चर्य वाटायला नको. आपल्याला मराठे म्हटलं की पुणे आठवतं. कलकत्त्याला मराठे म्हटलं की नागपूरकर भोसले आठवायचे. 1742 मध्ये रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालवर गेल्या, आणि त्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. बंगाली अंगाईगीतांत बर्गी येतात ते हेच. पुढे ओरिसा भोसल्यांकडे आला, म्हणजे नागपूरचं राज्य कटकपर्यंत, बंगालच्या दाराशी. कलकत्त्याच्या सगळ्यात जवळची मराठी ही नागपूरची मराठी होती. 1803 च्या युद्धात अडगाव आणि गाविलगड इथे भोसले हरले आणि डिसेंबरमध्ये देवगावचा तह झाला. कटक गेलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. त्यानंतर दोन वर्षांत केरीचं व्याकरण येतं. नवीन मुलखाशी व्यवहार करायला साहेबांना मराठी हवी होती, हे उघड आहे.

त्यानंतर श्रीरामपूरहून मराठी पुस्तकांची रांगच लागली. 1810 मध्ये केरीचा मराठी-इंग्रजी कोश, मोडी लिपीत. वैजनाथ पंडितांची 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये, 'हितोपदेश' 1815 मध्ये. आणि रघुजी भोसल्यांची वंशावळ. आपल्या राजाची वंशावळ परक्या शहरात छापून घेणारा हा नागपूरकर पंडित मला फार जवळचा वाटायला लागलाय. ऑनसाइटला गेलेला पहिला वैदर्भी म्हणा ना.

मग पुढे काय झालं? केरीने 'नव्या करारा'चं मराठी भाषांतर 1811 पर्यंत छापून काढलं. 1813 मध्ये गॉर्डन हॉल वगैरे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्या हातात एक तयार मराठी बायबल होतं. ते त्यांना तिथल्या लोकांत चालवता येईना. ते स्वतः मुंबईच्या लोकांत राहून मराठी शिकले आणि 'नवा करार' पुन्हा पहिल्यापासून केला, तो 1826 मध्ये पूर्ण झाला. दोष सगळा नागपूरच्या बोलीचा होता असं मी म्हणणार नाही. केरीची घाई होती, एकाच वेळी कितीतरी भाषांतली भाषांतरं चालू होती, आणि मराठी लोकांत तो कधी राहिलाच नव्हता. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात श्रीरामपूरच्या पुस्तकांचा उल्लेख येतो तेव्हा त्यांच्यावरची नागपुरी छाप बहुधा दोष म्हणूनच येते. तिकडचं आहे, असं नाही. दोष आहे.

केरीची अडचण मला नीट समजते, कारण ती माझीच अडचण होती. एका शिक्षकाकडून शिकलेली भाषा ही त्या शिक्षकाच्या गावची भाषा असते. आमच्या बाईंकडे स्पेन होतं, म्हणून मी ब्युनोस आयर्समध्ये तोंडघशी पडलो. केरीकडे वैजनाथ पंडित होते, म्हणून त्याची मराठी मुंबईत तोंडघशी पडली. फरक एवढाच की मला दुसऱ्याच सेकंदाला सात माणसं हसली आणि मी सुधारलो. केरीला कलकत्त्यात हसणारं कोणी नव्हतं.

(बोलींचा हा गुंता ज्याला आधीच उमगला होता असा परका माणूस म्हणजे फादर स्टीफन्स. इंग्रज जेझुइट, 1579 मध्ये गोव्यात आला. गोव्यात बोलायची भाषा वेगळी आणि पुराण ऐकायची भाषा वेगळी, हे त्याने ओळखलं. 'क्रिस्तपुराण' लिहिलं ते मराठीत, 1616 मध्ये छापलं. प्रश्नोत्तरांचं साधं धर्मशिक्षणाचं पुस्तक मात्र कोकणीत, आणि त्या बोलीचं व्याकरणही केलं. दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, 1622 आणि 1640 मध्ये. त्याच्यावर वेगळा लेख लिहायला हवा. असो.)

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठीचं छापील केंद्र बंगालमधून मुंबई-पुण्याकडे सरकलं. व्हान्स केनेडीचा कोश 1824 मध्ये, शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' 1829 मध्ये, आणि 1831 मध्ये तो प्रसिद्ध मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ हा फौजेतला तरुण अधिकारी, त्याच्याबरोबर जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ, आणि हाताखाली शब्द गोळा करणारे ब्राह्मण शास्त्री. पहिल्या आवृत्तीत चाळीस हजारांच्या आसपास शब्द, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास. आजही आंतरजालावर मराठी शब्द शोधला तर पहिल्यांदा हाच कोश समोर येतो. अफाट काम आहे, त्यात वाद नाही. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. थॉमस कँडी पुढे सरकारी भाषांतराचा आणि शाळेच्या पुस्तकांचा मुख्य झाला, आणि पोरांनी कोणती मराठी वाचायची ते तिथे ठरत गेलं.

आता एक तारखांचा हिशोब करून बघा. हे सगळं मुंबई इलाख्याच्या सरकारने, मुंबई इलाख्यासाठी, मुंबई इलाख्यातल्या लोकांकडून करून घेतलं. 1831 मध्ये नागपूर भोसल्यांचं राज्य होतं. ते 1853-54 मध्ये खालसा झालं, आणि 1861 मध्ये मध्य प्रांतात गेलं. वऱ्हाड आधी निजामाचं, 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलेलं. स्वातंत्र्यानंतर आम्ही मध्य प्रदेशात होतो, नागपूर त्याची राजधानी. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला. म्हणजे प्रमाण मराठी ज्या घरात घडली, त्या घरात आम्ही सव्वाशे वर्षांनी राहायला आलो. तोपर्यंत भांडी कुठे ठेवायची ते ठरून गेलं होतं.

मधल्या काळात आमच्यावर हिंदीचा हात पडला, हे खरंच आहे. राज्यात हिंदी, बाजारात हिंदी, आणि वर्ध्यात तर 1936 पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती. 'करून राहिलो' मागे 'कर रहा हूँ' उभं आहे, हे कळायला भाषाशास्त्र लागत नाही. पण पुण्याच्या मराठीतही फारसी ढिगाने आहे, आणि तिला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

ग्रियर्सनच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा मराठीचा खंड, सातवा, 1905 चा, तो मी पीडीएफ उतरवून वाचला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी एकत्र घेतल्या आहेत, आणि ही बोली दख्खनच्या मराठीपेक्षा फार वेगळी नाही असाच त्यांचा निष्कर्ष आहे. उधळ्या पुत्राची तीच गोष्ट प्रत्येक बोलीत लिहून घेतली आहे. नागपुरीतली वाचताना मला ती मनातल्या मनात वाचताच येईना, मोठ्याने वाचावी लागली. आजीच्या आवाजात ऐकू यायला लागली.

हिला वऱ्हाडी म्हणायचं का नागपुरी, यावरही आमच्याकडे वाद आहेत. तहातली ती वर्धा नदी. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला नागपूर प्रांत. जाम पूर्वेला, म्हणजे कागदोपत्री आम्ही नागपुरी. पुण्यात सगळे वऱ्हाडी म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. मराठीतला सगळ्यात जुना गद्य ग्रंथ 'लीळाचरित्र', तो याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केला. आणि ज्यांच्या लीळा त्यात आहेत ते चक्रधरस्वामी परंपरेप्रमाणे मूळचे गुजरातचे, म्हणजे मराठी त्यांची शिकलेली भाषा! 2024 मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर तीन दिवस फक्त अभिमान वाहत होता.

आता परत अर्जेंटिना. तिथे सगळं आधीपासून छान होतं असा माझा समज झाला होता, तो त्याच टेस्टिंगवाल्या बाईंनी मोडला. त्यांच्या आईला शाळेत 'वोस' लिहिलं तर गुण कापायचे. घरात 'वोस', रस्त्यावर 'वोस', वहीत मात्र 'तू'. मग वाचलं तर केवढा मोठा इतिहास निघाला. स्पॅनिशचं पहिलं व्याकरण नेब्रिहाचं, 1492, कोलंबस निघाला त्याच वर्षाचं. माद्रिदची रॉयल अकादमी 1713 ची. अमेरिका खंडातले देश स्वतंत्र झाल्यावर काराकासचा आंद्रेस बेयो याने 1847 मध्ये चिलीत 'अमेरिकेतल्या लोकांसाठी' म्हणून स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं. नावातच बंड आहे. पण हाच बेयो चिलीच्या लोकांना सांगायचा की 'वोस' म्हणू नका, बरं दिसत नाही! 1941 मध्ये आमेरिको कास्त्रो नावाच्या स्पॅनिश विद्वानाने ब्युनोस आयर्सच्या बोलीला नावं ठेवणारं पुस्तक लिहिलं, आणि बोर्हेसने त्याची जी खरडपट्टी काढली ती वाचण्यासारखी आहे. 1943 मध्ये लष्करी सरकारने तर रेडिओवरच्या टँगो गाण्यांतून रस्त्यावरचे शब्द काढायला लावले. 'वोस'ला तिथल्या अकादमीने रीतसर मान्यता दिली ती 1982 मध्ये. आपोआप काही झालं नाही. आज स्पॅनिशच्या तेवीस अकादम्या एकत्र बसतात, 2009 चं मोठं व्याकरण त्यांनी मिळून काढलं, आणि मी दिलेल्या परीक्षेत कोणत्याही देशाची प्रमाण स्पॅनिश चालते. अट एकच, घोळ करू नका, जी धराल ती धरून ठेवा.

आपल्याकडेही साहित्य महामंडळ 1961 मध्ये झालं तेव्हा विदर्भ साहित्य संघ त्यात बरोबरीने होता, हे सांगितलं पाहिजे. लिहिण्याचे नियम एकत्र बसून ठरले. लिहिण्याला एक नियम असावा, याला माझी हरकत नाही. हा लेख मी बघा ना कोणत्या मराठीत लिहितोय. माझी तक्रार बोलण्याची आहे. लिहिण्याचा नियम बोलणाऱ्याच्या तोंडावर मारतात त्याची.

दिवाळीत जामला गेलो होतो. बाबांचं चौरस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान आहे. गेली दोनतीन वर्षं मला एक गोष्ट खटकत होती. मी फोन केला की बाबा माझ्याशी वेगळं बोलतात. 'जेवलास का?' असं. 'जेवला का बे' नाही. सुरुवातीला मला ते बाबांनी मला मोठं समजल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, मी बदललो म्हणून ते बदलले. पोराला लाज वाटू नये म्हणून. फोनवर बाजूला माझे मित्र असतील, असं त्यांना वाटायचं.

दुकानात बसलो होतो. आदिलाबादकडचा एक ट्रक आला, बाबा त्याच्याशी तेलुगूत बोलले. थोड्या वेळाने विजयवाड्याचा आला, त्याच्याशीही तेलुगूत. मला तेलुगू येत नाही, पण काहीतरी बदललं असं वाटलं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, हा 'तेल्वदु' म्हणते, तो 'तेलियदु' म्हणते. दोघांचाही अर्थ 'माहीत नाही'. मग ज्याचं त्याला. चाळीस वर्षांत या माणसाने कोणताही क्लास लावला नाही. तेलंगणाची तेलुगूही सिनेमात वर्षानुवर्षं गुंडाच्या आणि विदूषकाच्या तोंडी असायची. 2014 मध्ये राज्य झालं आणि काळोजी नारायणरावांचा जन्मदिवस, 9 सप्टेंबर, हा तिथे भाषादिन झाला. आमच्याच रस्त्याने शंभरेक किलोमीटर खाली गेलं की तो मुलूख लागतो. बाबांना हे माहीत नव्हतं, त्यांना फक्त 'तेल्वदु' माहीत होतं.

मी म्हणालो, 'बाबा, माझ्याशी काऊन असं बोलता तुम्ही, पुस्तकातल्यासारखं?'

माझ्या तोंडून 'काऊन' इतक्या दिवसांनी आलं की माझं मलाच खोटं वाटलं. बाबांनी टायरवरची नजर काढली नाही. 'तूच तं तसा बोलून राहिला,' म्हणाले.

रात्री आजीने फर्मान काढलं, ते स्पेनचं काहीतरी बोलून दाखव. मी 'रस्ता' म्हणून दाखवला. पुस्तकात काल्ये, माद्रिदला काये, आणि मी ज्यांच्याबरोबर काम करतो ते काशे. आजीने तिन्ही एकदा तोंडात घोळवून बघितले. मग विचारलं, 'मंग मधातले आपल्यासारखे हायेत का?' आणि उत्तराची वाट न बघता केयी सोलायला लागली.